गिऱ्हाईक, नोकर आणि जीभ

आपल्या ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे चिटणिसांनी सांगितले तेव्हा शिक्षणाविषयी लिहावे असेच प्रथम मनात आले. परंतु शिक्षकाने शिक्षणावर लिहिलेला लेख अशा अंकात नेहमीच असतो आणि तो न वाचताच पान उलटले जाते, हा अनुभव आमच्या गाठी आहे. म्हणून आमच्या सभासदांपैकी पुष्कळांना रोज भेडसावणारा, पण ज्याविषयी कोणी लिहीत नाही असा एक विषय आम्ही घेतला आहे. दुकानातला नोकर गिऱ्हाइकांसमोर भलतेच बोलतो, त्याचे काय करावे?

विषय क्षुल्लक वाटेल. पण आपले सभासद किराणा, कापड, औषधे, खते-बियाणे, पिठाची गिरणी, खानावळ अशा व्यवसायांत आहेत. त्यांच्याकडे कामाला लागणारी मुले बहुधा आमच्याच शाळेतून दहावी-बारावी होऊन गेलेली असतात. मालकाची तक्रार आमच्याकडे येते, नोकराची कैफियतही आमच्याकडेच येते, आणि दुखावलेले गिऱ्हाईक अनेकदा आमच्या एखाद्या विद्यार्थ्याची आई किंवा आजी असते. तिन्ही बाजू ऐकाव्या लागल्यामुळे दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

प्रथम घडलेली एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी एका कापड दुकानात एक वृद्ध शेतकरीण नातीला घेऊन लग्नाचे कापड घ्यावयास आली. नातीने गुलाबी कापडाकडे बोट दाखविले. तागा उलगडता उलगडता दुकानातला मुलगा म्हणाला, “या रंगावर हा रंग? दिव्याखाली उभी राहिलीस तरी दिसायची नाहीस!” दुकानातली चार माणसे हसली. मालकही हसला. म्हातारीने पदराच्या गाठीतून काढलेले पैसे पुन्हा गाठीत बांधले, नातीचा हात धरला आणि ती पायऱ्या उतरून गेली.

तो मुलगा आमचा विद्यार्थी. ती मुलगीही आमचीच, नववीत होती. पुढे चार दिवस ती शाळेत आली नाही. आली तेव्हा उभे राहून धडा वाचावयास तिने नकार दिला. वर्गात सर्वांत स्वच्छ वाचणारी ती मुलगी. कारण आम्हांस आठवड्याने कळले, तेही तो दुकानदार आपण होऊन आला तेव्हा. तो म्हणाला, “गुरुजी, तुमचा पोरगा कामाला वाघ आहे, पण त्याच्या जिभेला हाड नाही. काढून टाकू का?”

काढून टाकणे हा सर्वांत सोपा उपाय. तो योग्य केव्हा आणि अयोग्य केव्हा, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

सारीच बोलणी एका तराजूत तोलू नयेत

गिऱ्हाइकासमोर जे बोलू नये ते अनेक प्रकारचे असते, आणि रोगाचा प्रकार न ओळखता औषध देऊ नये. पहिला प्रकार नुसत्या सैल जिभेचा: घरातली भांडणे, मालकाची उणीदुणी किंवा नुकत्याच गेलेल्या गिऱ्हाइकाची नक्कल. ऐकणारा हसतो, पण मनात म्हणतो, मी गेल्यावर माझीही अशीच नक्कल होणार. दुसरा प्रकार माणसाच्या देहावर, रंगावर, वयावर बोलण्याचा. तिसरा गरिबीवर बोलण्याचा, आणि हा आपल्याकडे फार चालतो. “आधीची उधारी दे, मग भाव विचार,” हे वाक्य दहा माणसांत बोलले गेले की उधारी वसूल होते, पण गिऱ्हाईक बुडते. चौथा जातीवर, धर्मावर वा भाषेवर बोलण्याचा. पाचवा स्त्रियांशी लगट करून वा द्व्यर्थी बोलण्याचा.

पहिले तीन प्रकार बहुधा समजुतीने सुटतात. शेवटचे दोन केवळ गैरशिस्त नव्हेत. त्यांत कायद्याचाही संबंध येतो. त्याविषयी पुढे लिहितो.

याशिवाय आपल्या सरहद्दीच्या मुलखात एक बारीक काटा आहे, तो म्हणजे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा. करजगीसारख्या गावातल्या दुकानात एकाच सकाळी कानडी, मराठी आणि दखनी अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. देवल गाणगापूर आपल्याच तालुक्यात असल्यामुळे सोलापूर, पुण्याकडील दत्तभक्तही या बाजूस येतात. कानडीत ‘नीनु’ आणि ‘नीवु’, मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’, दखनीत ‘तू’, ‘तुम’ आणि ‘आप’. ज्याची घरची भाषा एक आणि दुकानाची दुसरी, त्याच्या तोंडून चुकून एकेरी उल्लेख होतो. पुण्याहून आलेल्या गृहस्थास तो अपमान वाटतो. ही झाली चूक. ती शिकवून सुधारते. पण तोच मुलगा पँट घातलेल्यास ‘या साहेब’ आणि धोतर नेसलेल्यास ‘काय पाहिजे रे’ म्हणत असेल, तर ती भाषेची चूक नव्हे. माणसाची किंमत कपड्यावरून करण्याची ती सवय आहे. मालकाने आठ दिवस केवळ एवढ्याकडेच कान द्यावा. नोकराचा रोग कोणता, ते त्यास आपोआप कळेल.

कधी स्तुतीही टोचते. “अहो, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!” हे वाक्य आम्ही दुकानांतून अनेकदा ऐकले आहे. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ज्या भाषेत आम्ही शिकलो आणि शिकवितो, त्या भाषेत आम्ही पाहुणे आहोत असे त्यातून निघते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. अशा माणसावर रागावून उपयोग नाही; त्यास शांतपणे सांगावे लागते.

एका शब्दाने काय होते

2025 च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसचा कंडक्टर आणि प्रवासी यांच्यात मराठी-कानडी बोलण्यावरून वाद झाला, कंडक्टरला मारहाण झाली, आणि पाहता पाहता दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सरहद्दीवर थांबल्या. कोण काय बोलले हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. त्याच वर्षी मे महिन्यात बेंगळूरजवळ चंदापूर येथील स्टेट बँकेच्या शाखेत एका अधिकाऱ्याने ग्राहकाशी कानडीत बोलण्यास नकार दिला. ते चित्रण राज्यभर फिरले आणि अधिकाऱ्याची बदली झाली. पूर्वी दुकानातला शब्द दुकानातच विरत असे. आता प्रत्येकाच्या खिशात बोलणे टिपणारा फोन आहे, हे मालक आणि नोकर दोघांनीही लक्षात ठेवावे.

तिसरे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. 2021 च्या ऑक्टोबरात घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या झोमॅटो या कंपनीच्या मदतकक्षातील एका कर्मचारी मुलीने तमिळनाडूतील ग्राहकास, हिंदी ही राष्ट्रभाषा असून ती थोडीफार प्रत्येकाला आलीच पाहिजे, अशा अर्थाचे लिहिले. मुळात आपल्या राज्यघटनेत कोणतीही भाषा ‘राष्ट्रभाषा’ म्हणून नमूद नाही. हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. मोठा गदारोळ झाला. कंपनीने माफी मागितली आणि त्या मुलीस काढून टाकले. पण त्याच दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी तिला परत घेतले. एवढ्या एका चुकीसाठी तिला काढणे योग्य नव्हते, ही गोष्ट ती शिकू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. या प्रकरणात दोन धडे आहेत. गदारोळ शमविण्यासाठी घाईने माणूस काढला तर निर्णय फिरवावा लागतो. आणि अज्ञानातून आलेला शब्द व दुष्टपणातून आलेला शब्द यांत भेद केला पाहिजे.

मालकाने काय करावे

घडल्या क्षणी मालकाने उठून पुढे व्हावे. नोकरास दुसरे काम सांगावे आणि त्या गिऱ्हाइकास स्वतः माल दाखवावा. “हे बोलणे चुकीचे झाले, आम्हांस वाईट वाटते,” एवढे म्हणावे. “पोरगं आहे, मनावर घेऊ नका” असे म्हणू नये, कारण त्यात दोष गिऱ्हाइकाच्या मनाकडे जातो. नोकरास तेथेच शिवीगाळ करणे वा थप्पड मारणे हा दुसरा अपमान होय. त्याने पहिला भरून निघत नाही. गिऱ्हाइकास मात्र आपल्यामुळे एक पोरगा मार खाऊन गेला असे ओझे वाटते.

त्याच दिवशी दुकान बंद झाल्यावर एकांतात बोलावे. दुसऱ्या दिवसावर टाकलेली गोष्ट आठव्या दिवशी विसरली जाते आणि महिन्याने दहापट होऊन बाहेर पडते. बोलताना विशेषणे टाळावीत. “तू उद्धट आहेस, तुला अक्कल नाही,” यातून त्यास काहीच कळत नाही. “आज दुपारी त्या आजींसमोर तू अमुक शब्द बोललास,” असे नेमके सांगावे. मग त्यास बोलू द्यावे. कधी कधी तक्रारच खोटी निघते, कधी गिऱ्हाइकाने आधी शिवी दिलेली असते, कधी घरी आजारपण असते. कारण म्हणजे माफी नव्हे, पण कारण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

पुष्कळ मालक यानंतरची पायरी गाळतात. काय बोलू नये हे सांगतात, काय बोलावे हे सांगत नाहीत. गप्प बसविलेला नोकर दुकानास निरुपयोगीच. बोलणाऱ्याची एरंडे विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. म्हणून त्यास तयार वाक्ये द्यावीत. रंगाविषयी मत विचारले तर, “हा दाखवतो, तोही दाखवतो, अंगाला लावून बघा.” उधारीची आठवण करावयाची तर, “जरा इकडे या, वही बघून घेऊ,” आणि तीही बाजूला नेऊन. भाव परवडत नसेल तर, “याच्यात थोडा हलका पण टिकाऊ आहे.” वयाने मोठ्या प्रत्येकास, कपडा कोणताही असो, ‘तुम्ही’. वर्गात आम्ही चुकीचे उत्तर नुसते खोडत नाही, बरोबर उत्तर लिहून देतो. येथेही तेच.

पुढील दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावे. चांगले बोललेले कानी पडले तर तेही सांगावे. अधिक जपण्याचे काम असेल तर त्यास काही दिवस गोदामाच्या कामास लावावे. दुसऱ्यांदा तसेच घडले तर तारीख, बोललेले शब्द, ऐकणाऱ्यांची नावे आणि दिलेली समज वहीत लिहून त्यावर त्याची सही घ्यावी. हा अविश्वास नव्हे. दोघांचेही त्यात रक्षण आहे.

कायदा काय म्हणतो

आपल्या राज्यात दुकाने व व्यापारी आस्थापना यांचा 1961 चा कायदा आहे. सलग सहा महिने काम केलेल्या नोकरास सबळ कारणाशिवाय, आणि एक महिन्याची आगाऊ सूचना अथवा तितका पगार दिल्याशिवाय, काढता येत नाही. गैरवर्तनाबद्दल काढावयाचे असेल तर सूचनेची गरज नसते. पण त्यासाठी रीतसर चौकशी करून पुरावा नोंदवावा लागतो. “उद्यापासून येऊ नकोस,” हे चिडलेल्या मालकाचे वाक्य म्हणूनच कायद्यात बसत नाही. वही लिहावयाची ती यासाठीही.

स्त्रियांविषयीच्या बोलण्यास वेगळे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि 2013 साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. हा कायदा केवळ नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा होय. ती स्त्री तेथे नोकरीस असो वा नसो, तिला तक्रार करता येते. म्हणजे दुकानात आलेली गिऱ्हाईक स्त्रीही त्यात आली. दहा वा अधिक माणसे कामास असतील तेथे अंतर्गत समिती नेमावी लागते; त्याहून लहान दुकानाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करावयाची असते. शिवाय 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 75 व 79 या कलमांखाली स्त्रीस उद्देशून अश्लील शेरे मारणे आणि तिच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द उच्चारणे हे गुन्हे आहेत.

जातीवरून बोलणे याहून कमी गंभीर नाही. राज्यघटनेच्या 15 व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणासही दुकानात जाण्यास मज्जाव करता येत नाही, आणि 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस चारचौघांच्या देखत जातीवरून शिवीगाळ करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशा प्रसंगी मालकाने ‘मिटवामिटवी’ करू नये. दुखावलेल्या व्यक्तीवर गावकीचे दडपण आणून तक्रार मागे घ्यावयास लावणे म्हणजे त्या अपमानात आपणही भागीदार होणे. येथे दुसरी संधी देण्याचा अधिकार मालकाचा नसतो.

नोकर आपलाच भाचा असेल तर

सर्वांत अवघड प्रकरण हेच. लहान गावात नोकर परका नसतो. तो भाचा असतो, साडू असतो किंवा वडिलांच्या वेळेपासूनचा जुना दिवाणजी असतो. त्यास बोलावे तर घरात अबोला, न बोलावे तर दुकानात बेअब्रू. आमचे मत असे की नियम सर्वांस एकच ठेवावा आणि तो आधीच सांगून ठेवावा. वयाने मोठ्या दिवाणजींस मालकाने स्वतः समज देण्याऐवजी त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या वडीलधाऱ्याकडून सांगवावे. पण सांगणे टाळू नये. एकाला सूट दिली की बाकीच्या नोकरांस नियम म्हणजे गरिबासाठी केलेली गोष्ट वाटू लागते.

आणि जीभ जर मालकाचीच सैल असेल? 1991 च्या एप्रिलात लंडनमध्ये जेराल्ड रॅटनर या बड्या दागिन्यांच्या व्यापाऱ्याने एका सभेत विनोदाच्या भरात आपल्याच दुकानातील स्वस्त माल भिकार असल्याचे सांगितले. सभा हसली. पण दुसऱ्या दिवशी तो माल घेणाऱ्या लाखो सामान्य लोकांस कळले की मालक आपणांस हसतो आहे. कंपनीची बाजारातील किंमत सुमारे 50 कोटी पौंडांनी घसरली, पुढच्या वर्षी त्यास कंपनी सोडावी लागली आणि नंतर कंपनीचे नावही बदलले गेले. त्याचा माल काही एका रात्रीत बिघडला नव्हता.

हे सर्व आम्ही त्या कापड दुकानदारास सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला व म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी मीही हसलो होतो.” तेव्हा आम्हांसही एक गोष्ट कबूल करावी लागली. हा मुलगा वर्गात दुसऱ्यांच्या नकला करी आणि आम्ही हसत असू. काळ्या मुलास ‘कोळसा’ म्हणण्याची वर्गातली पद्धत आम्ही ऐकली होती आणि कधी थांबविली नव्हती. कुराण शरीफच्या सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टर उडवू नका, वाईट टोपणनावांनी हाका मारू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे. ती आम्हांस लहानपणापासून पाठ होती. वर्गात ती उपयोगात आणण्याचे मात्र सुचले नाही. दुकानात फुटलेले बी आमच्याच वर्गात पेरले गेले होते.

मुलास काढले नाही. भर दुकानात म्हातारीचे पाय धरावयास लावावे असे मालकाच्या मनात होते. तो तमाशा आम्ही होऊ दिला नाही. एका संध्याकाळी मुलगा आणि मालक तिच्या घरी गेले. म्हातारी म्हणाली, “मला काय सांगतोस बाबा, पोरीला सांग.” त्याने आजीच्या देखत मुलीस सांगितले की चूक माझी होती. मुलगी काही बोलली नाही. म्हातारीने कापड दुसरीकडून घेतले आणि त्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही. सुमारे महिन्याने मुलगी वर्गात पुन्हा उभी राहून वाचू लागली, हळू आवाजात. मुलगा अजून त्याच दुकानात आहे. बाजाराच्या दिवशी मालक आता गल्लाही त्याच्या हाती सोपवितो. सर्व काही पूर्ववत झाले असे आम्ही म्हणणार नाही. शब्द परत घेता येत नाही, एवढेच त्या प्रकरणातून सर्वांना कळले.

शेवटी आपल्या ट्रस्टविषयी एक विनंती. फीसाठी, औषधासाठी, पुस्तकांसाठी आपल्या दारी जो येतो तोही एका अर्थी आपले गिऱ्हाईकच आहे, आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाप्रमाणे त्यास दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. “काय, पुन्हा आलास?” हा एक शब्द खिडकीतून गेला तर आत केलेले दान वाया जाते. ज्या दानामागून मन दुखावणे येते त्याहून गोड शब्द आणि क्षमा बरी, या अर्थाची शिकवण सूरह बकरामध्ये आहे, आणि आपल्या मुलखातल्या संतांनी, शरणांनी व सूफींनी आपापल्या बोलीत ती दिली आहे. तेव्हा पुढील वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज घ्यावयास जो कोणी खिडकीवर बसेल, त्यास प्रथम या दोन गोष्टी सांगाव्यात: येणाऱ्या प्रत्येकास ‘तुम्ही’ म्हणावे, आणि कागद अपुरे असतील तर ते दहा जणांत न सांगता बाजूला बोलावून सांगावे. ट्रस्टला यासाठी एक पैसाही खर्च येणार नाही.